टॅपेट गप्प झाले आणि गाडी मिसिंग मारू लागली

वाईहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो.

«वडिलांची १९९८ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. काही वर्षांपूर्वी पुण्यात सीएनजी किट बसवून घेतलं. नोकरीसाठी रोज वाई ते पाचगणी. दिवाळीपासून इंजिनातून टकटक येत होती. ओळखीच्या मेकॅनिकने टॅपेट टाइट करून दिले, आवाज बंद झाला. महिना-दीड महिना छान गेला. मग स्लोला गाडी थरथरायला लागली. रेस दिली की जरा सुरळीत होते. पसरणी घाटात तिसऱ्या गिअरवर ओढत नाही, दुसरा टाकावा लागतो. पेट्रोलवर आणि गॅसवर, दोन्हीकडे तेच. आता सकाळी थंड गाडी चालू केली की पुन्हा टकटक ऐकू येते. ही आधीपेक्षा कोरडी आहे आणि पाच-दहा मिनिटांत जाते. नवे प्लग घातले, फरक नाही. एका गॅरेजने फुल इंजिन सांगितलंय, ३५ हजार. दुसरा म्हणतो जाड ऑइल टाका. मित्राच्या मते हा ई-२० पेट्रोलचा परिणाम. २०२८ला गाडीचं पुन्हा पासिंग आहे, निदान तोवर ती चालवायची इच्छा आहे. काय करू?»

आधी हे करा: ३५ हजार खिशातच ठेवा. तुमच्या पत्रात रोगाची बरीचशी ओळख आलेली आहे, आणि ती फुल इंजिनकडे, म्हणजे सगळं इंजिन खोलून नव्याने बांधण्याकडे, बोट दाखवत नाही. माझा अंदाज असा की तुमच्या गाडीला दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही (आणि तिन्ही सल्लागार) त्यांना एकच समजून उपाय शोधताय. मिसिंग (एक सिलिंडर नीट न पेटणं, त्यामुळेच ही थरथर) बहुतेक एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हमुळे, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेमुळे आहे, जी पूर्ण बसत नाही. सकाळची टकटक एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या ओतीव नळीच्या, पॅकिंगमधून येत असावी. दोन्ही गोष्टी गाडी न खोलता, किंवा फक्त टॅपेट कव्हर उघडून, पडताळता येतात.

आता हा अंदाज कशावरून, ते सांगतो. म्हणजे मेकॅनिकपुढे उभं राहिल्यावर तुम्हाला नुसती मान डोलवावी लागणार नाही.

तुमच्या ८००मध्ये ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. प्रत्येक सिलिंडरला एक इनलेट आणि एक एक्झॉस्ट, असे सहा व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट (एक फिरता दांडा) रॉकर नावाच्या तरफेला हलवते, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. रॉकरच्या टोकाला स्क्रू (यालाच इथे टॅपेट म्हणतोय) आणि लॉकनट असतो, आणि व्हॉल्व्ह बंद असताना स्क्रू व व्हॉल्व्हचं टोक यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. या इंजिनाला ती गार असताना ०.१३ ते ०.१८ मिमी लागते, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या साधारण दीडपट. इंजिन गरम झाल्यावर हीच फट ०.२३ ते ०.२८ होते, कारण ॲल्युमिनिअमचं हेड (व्हॉल्व्ह ज्यात असतात तो इंजिनाचा वरचा भाग) तापून जास्त फुगतं आणि रॉकर वर उचलला जातो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

फट जास्त झाली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि टकटक येते. कानाला ते वाईट वाटतं, पण गाडीचं लगेच काही बिघडत नाही. व्हॉल्व्ह किंचित उशिरा उघडतो, किंचित लवकर मिटतो, पण मिटतो नक्की. फट शून्य झाली तर मात्र आवाज अजिबात येत नाही आणि व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे मिटताना तो जिथे टेकतो त्या कड्यावर, पुरता टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्याला जळता वायू घासून जातो. ही उष्णता त्याला सीटला टेकलेल्या वेळातच सोडता येते. टेकलाच नाही तर कडा तापत राहते, जळते, तिला खाच पडते. मग त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने आत दाबलेला वायू, त्या खाचेतून सायलेन्सरकडे निसटतं. आवाज करणारा टॅपेट सहसा माफ करतो, गप्प बसलेला करत नाही.

सीएनजीच्या गाडीत हे आणखी लवकर घडतं. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याचा पातळ थर व्हॉल्व्हच्या सीटवर बसून तिचं रक्षण करायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळतं, त्यामुळे तो थर गेला. द्रव पेट्रोलचा जो थोडाफार ओलावा उरला होता तोही गॅसवर मिळत नाही. सीएनजी कोरडा वायू आहे. त्याच्यावर एक्झॉस्टची सीट झिजत जाते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो. व्हॉल्व्ह वर सरकला की फट कमी होते. म्हणजे गॅसवरच्या गाडीत काळाबरोबर एक्झॉस्टचे टॅपेट सैल होत नाहीत, ते टाइट होत जातात, आणि तेही कुणालाही ऐकू न येता.

मग दिवाळीत टकटक कुठून आली? बहुधा इनलेटच्या एक-दोन रॉकरमधून. रॉकरचं टोक किंवा स्क्रू झिजला की इनलेटची फट वाढते. त्याच वेळी एक्झॉस्टची फट घटत असते. अशा गाडीत आवाज मिटेपर्यंत सहाच्या सहा स्क्रू कानाने आवळले, की इनलेट जागेवर येतात आणि आधीच टाइट असलेले एक्झॉस्ट आणखी टाइट होतात. आवाज बंद, गिऱ्हाईक खूश, आणि महिन्याभरात एक व्हॉल्व्ह जळायला सुरुवात. मेकॅनिकच्या हेतूवर मी शंका घेत नाही. फिलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पाती) न लावता टॅपेट सेट करणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि पेट्रोलवरच्या नव्या इंजिनात ती बऱ्याचदा खपूनही जाते. गॅसवरच्या जुन्या इंजिनात खपत नाही.

तुमची बाकीची लक्षणं याच चौकटीत बसतात. स्लोला थरथर आणि रेस दिल्यावर सुरळीत, हे कॉम्प्रेशन गळतीचं ठरावीक लक्षण आहे. आरपीएम वाढला की वायूला निसटायला वेळ कमी मिळतो. लांब चढावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणखी तापून लांब होतो, म्हणून घाटात जीव जातो. आणि पेट्रोल व गॅस दोन्हीकडे मिसिंग आहे, हा तर तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील. फक्त पेट्रोलवर मिसिंग असती तर मी कार्बोरेटर, जेट, फ्युएल पंप यांच्याकडे पाहिलं असतं. फक्त गॅसवर असती तर आधी इग्निशन पाहिलं असतं, कारण गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमकुवत कॉइल किंवा वायर तिथे आधी उघडी पडते. दोन्हीकडे सारखीच असेल तर इंधनाचा संशय सोडून द्या. उरतात ठिणगी आणि कॉम्प्रेशन.

याच कारणाने तुमच्या मित्राचं ई-२० चं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) निदान मला पटत नाही. इथेनॉलने कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं हे खरं, कारण कार्बोरेटर आपणहून इंधन वाढवत नाही. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅमही त्याने खराब होतात, तेव्हा पेट्रोलचे पाइप एकदा दाबून पाहा, तडे असतील तर बदला. पण ई-२० तिन्ही सिलिंडरना सारखंच मिळतं आणि गॅसवर चालताना मिळतच नाही.

आता सकाळच्या टकटकीकडे. गरम झाल्यावर या इंजिनातली टॅपेटची फट वाढते, हे वर सांगितलंच. म्हणजे टॅपेटचा आवाज असता तर गाडी तापल्यावर तो टिकला असता किंवा थोडा वाढला असता. तुमचा आवाज पाच-दहा मिनिटांत जातो. जो आवाज तापल्यावर जातो त्याच्या बाबतीत पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि हेडमधल्या पॅकिंगवर घ्यायचा. पॅकिंग एखाद्या ठिकाणी फुंकलं गेलं किंवा स्टडचा नट ढिला झाला, की प्रत्येक एक्झॉस्टच्या ठोक्याला तिथून वायू फुटतो. तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखा, फक्त जास्त कोरडा. ओतीव मॅनिफोल्ड तापून फुगलं की चीर मिटते आणि आवाज बंद होतो. गार असताना ॲक्सिलरेटर दाबला तर हा आवाज ठळक वाढतो, टॅपेटचा फक्त वेग वाढतो. दुसरी शक्यता पिस्टन स्लॅपची, म्हणजे गार पिस्टन बोअरमध्ये डुलतो त्याची. पण तो आवाज बोदा असतो, कोरडा नसतो. तुम्ही स्वतः «कोरडी» हा शब्द वापरलाय, म्हणून माझा कौल पॅकिंगला.

जाड ऑइलबद्दल एका वाक्यात: या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, स्क्रू आहेत, आणि कुठलंही ऑइल किंवा डब्यातलं औषध स्क्रूची फट बदलत नाही. जाड ऑइलने आवाज थोडा दबेल आणि सकाळी ते वर रॉकरपर्यंत उशिरा पोहोचेल, एवढंच.

अंदाज पुरे झाला, आता खातरी करून घ्यायची. क्रम महत्त्वाचा आहे, कारण स्वस्त तपासण्या आधी केल्या तर महागड्या बऱ्याचदा लागतच नाहीत.

सर्वांत आधी मिसिंग मारणारा सिलिंडर शोधा. टायमिंग बेल्टच्या बाजूचा एक नंबर. इंजिन बंद असताना एका प्लगची वायर काढा, तिच्यात एक जुना प्लग बसवा आणि त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला नीट टेकवून बांधा, पेट्रोलच्या पाइपांपासून दूर. मग गाडी चालू करून स्लोला ऐका. हे तिन्ही सिलिंडरना एकेक करून करा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली तर गाडी धडपडेल किंवा बंदच पडेल, कारण तुमच्याकडे एक आधीच मेलेला आहे. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो तुमचा आजारी सिलिंडर. चालू गाडीत हाताने वायर ओढण्याची गॅरेजमधली सवय उचलू नका. झटका जोराचा बसतो, आणि वायर हवेत लोंबती ठेवली तर कॉइलवर ताण येतो.

सिलिंडर सापडला की ठिणगीला निर्दोष ठरवा. तुम्ही प्लग बदललेत पण वायरींचं काही लिहिलं नाहीत. आजारी सिलिंडरची वायर आणि प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावा, तिकडची इकडे. मिसिंग जागा बदलत असेल तर तुमचं काम वायरीच्या किमतीत झालं. डेल्कोची (ठिणगी प्लगांना वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप काढून आत तडा, कार्बनची काळी रेघ किंवा हिरवट झालेले पॉइंट दिसतात का तेही बघा. आणि एक काम रात्री करा: अंधारात बॉनेट उघडून गाडी स्लोला ठेवा, वायरींवर स्प्रेने पाण्याचा हलका फवारा मारा. वायर फुटलेली असेल तर निळी ठिणगी इंजिनावर उडताना दिसेल, आणि तिचा टिकटिक आवाजही येईल. टकटक आणि मिसिंग यांचं एकच कारण असण्याची ही एक खरी शक्यता आहे. तशीच दुसरी म्हणजे ढिला राहिलेला प्लग. तुम्ही नुकतेच प्लग घातले आहेत, तेव्हा ते नीट आवळलेले आहेत का हे आत्ताच बघून या, हे पत्र नंतर वाचा.

हे सगळं ठीक निघालं तर टॅपेट. गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी, सकाळी चालू न करता कव्हर उघडायचं. तिन्ही प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी पुढे ढकलली तरी चालतं. पुलीची खूण शून्यावर आणा आणि डेल्कोचा रोटर एक नंबरच्या वायरीकडे तोंड करून आहे याची खातरी करा. «दोन्ही रॉकर हाताने हलले की पिस्टन वर आला असं समजायचं», या नेहमीच्या खुणेवर इथे विसंबू नका. टाइट टॅपेट पिस्टन वर असतानाही हलणार नाही, आपल्याला तोच तर शोधायचा आहे. एक नंबरच्या दोन्ही फटी मोजा. मग इंजिन २४० अंश फिरवा, रोटर १२० अंश फिरेल, आता तीन नंबर. पुन्हा २४० अंश, दोन नंबर. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-२ आहे.

आणि हे कृपया ऐका: स्क्रूला हात लावण्याआधी सहाही फटी मोजून कागदावर लिहून घ्या. मेकॅनिक घाई करेल, म्हणेल सेटच करून टाकतो की. करू देऊ नका. ते सहा आकडे म्हणजेच निदान आहे, आणि स्क्रू फिरला की ते कायमचे गेले. आजारी सिलिंडरच्या एक्झॉस्टला ०.०५चं पातं सुद्धा जात नसेल, तर आपला अंदाज बरोबर. सहाही ०.१५च्या आसपास निघाल्या, तर अंदाज चुकला आणि पुढची तपासणी जास्त महत्त्वाची.

लिहून झालं की सहाही ०.१५ला सेट करून घ्या, पातं किंचित घासत सरकलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. रॉकरच्या टोकाला खळगा पडलेला असेल तर सरळ पातं त्या खळग्यावर पूल टाकतं आणि ०.१५ दाखवताना प्रत्यक्ष फट जास्त असते. अशा रॉकरचा आवाज सेटिंगने जात नाही. त्याच्यामागे लागून पुन्हा स्क्रू आवळू नका, रॉकर बदला किंवा आवाज सोसा. ८००चं हे इंजिन ओम्नीतही होतं आणि ओम्नी २०१९पर्यंत विकली गेली, त्यामुळे सामानाची अडचण यायची नाही. कव्हरचं पॅकिंग मात्र नवंच घाला, जुनं पुन्हा लावलं की ऑइल गळून मॅनिफोल्डवर पडतं आणि गाडीत जळका वास येतो.

सेटिंगनंतर गाडी चालू केल्यावर एकसारखी हलकी टिकटिक येईल. येऊ द्या.

मिसिंग गेली तर तुम्ही वेळेत पोहोचलात. राहिली तर कॉम्प्रेशन मोजा. गाडी गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, दोन्ही इंधनं बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. तिन्ही आकडे एकमेकांच्या १ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आत हवेत. समजा दोघांत ११-११ आणि तिसऱ्यात ६ आलं. आता त्या तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा गेल्या आहेत, आणि मग मी त्या ३५ हजारांच्या गॅरेजची माफी मागेन. चढला नाही तर गळती वरून आहे, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. शेजारच्या दोन सिलिंडरमध्ये सारखाच कमी आकडा आला तर हेड पॅकिंगचा संशय घ्या.

व्हॉल्व्ह की पॅकिंग, याचाही निकाल हेड न उतरवता लागतो, आणि त्यासाठी पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर पुरतो. जुन्या प्लगचा चिनी मातीचा भाग काढून त्याला हवेचा निपल जोडतात, बऱ्याच गॅरेजमध्ये असा जुगाड तयार असतो. आजारी सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर आणायचा, गाडी न्यूट्रलमध्ये, पुलीवरचा पाना काढलेला (हवा सोडली की इंजिन फिरू शकतं, पाना हातावर बसतो), आणि हवा सोडायची. फुस्स आवाज सायलेन्सरच्या तोंडाशी आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आला तर इनलेट, ऑइल टाकायच्या तोंडातून जोरात आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग. पाच मिनिटांचं काम आहे. फुल इंजिन सांगणाऱ्या कुणीही हे करून दाखवल्याशिवाय त्याला ॲडव्हान्स देऊ नका.

व्हॉल्व्ह जळालेला निघाला तर काम हेडचं आहे, फुल इंजिनचं नाही. हेड उतरवून मशीनशॉपला द्यायचं. तिथे जळालेला व्हॉल्व्ह बदलतील, सीट कापतील, व्हॉल्व्ह घासून बसवतील, गाइड तपासतील. सहाही व्हॉल्व्हचे ऑइल सील नवे घ्या. हेडचा पृष्ठभाग सरळ आहे का ते सरळपट्टीवर बघायला सांगा. नवं हेड पॅकिंग, आणि टायमिंग बेल्ट निघणारच आहे तर तो नवाच बसवा. गाडी पुढेही गॅसवरच चालवणार असाल तर कडक धातूच्या सीट बसवून मिळतील का ते मशीनशॉपला विचारा. बोअर, पिस्टन, क्रँक यांना हात लावायचं कारण मला तुमच्या पत्रात दिसत नाही. तुम्ही धुराचं काही लिहिलेलं नाही, ऑइल खाते असंही नाही.

मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासणं सोपं. सकाळी गार गाडी चालू करून लगेच, मॅनिफोल्ड तापायच्या आत, मीटरभर रबरी पाइपचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या सांध्याजवळून फिरवा. पंखा आणि बेल्टपासून पाइप, बाही, ओढणी सगळं दूर ठेवा. जिथे फटफट एकदम वाढेल तिथे इंजिन बंद करून टॉर्चने बघा, काजळीची काळी जीभ दिसेल. नट ढिला असेल तर आवळून भागतं. स्टड तुटलेला असेल तर घाईने ओढू नका, ॲल्युमिनिअमच्या हेडमधले आटे जातात. हेड उतरवायचंच ठरलं तर हेही काम त्याच वेळी करून घ्या.

अजूनही टकटक टॅपेटची की कशाची याबद्दल वाद झाला, तर टायमिंग लाइट असलेल्या गॅरेजमध्ये जा. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. एक नंबरच्या वायरीला लावलेला लाइटही क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदाच चमकतो. प्रत्येक चमकेला एक टक, तर आवाज व्हॉल्व्ह किंवा एक्झॉस्टकडचा आहे. एका चमकेला दोन टक येत असतील तर तो क्रँककडून, म्हणजे खालून येतोय.

खालून येणारा आवाज मात्र वेगळी गोष्ट आहे. जड ठोका, गाडी गरम झाल्यावर वाढणारा, ॲक्सिलरेटर सोडताना जास्त जाणवणारा, किंवा स्लोला ऑइलचा लाल दिवा मिचकावणं, यातलं काही दिसलं तर गाडी तिथेच थांबवा आणि टोचन करून न्या. तुमच्या पत्रात असं काही नाही, तरी ऑइलची पट्टी आजच बघा.

तपासणी होईपर्यंत दोन पथ्यं. मिसिंग असताना गाडी गॅसवर चालवू नका, पेट्रोलवरच ठेवा. कार्बोरेटरच्या गाडीतल्या मिक्सरच्या किटमध्ये मिसिंगमुळे आग उलटी एअर फिल्टरमध्ये येऊ शकते, फिल्टरचा डबा फुटल्याची उदाहरणं आहेत. दुसरं, मॅनिफोल्ड गळत असेल तर धूर बॉनेटमध्ये सुटतो आणि डॅशबोर्डच्या हवेच्या वाटेने आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. घाटात थंडी असली तरी काचा थोड्या उघड्या ठेवा, आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसू नका.

पासिंगचं म्हणाल तर २०२८ला तुमची गाडी तीस वर्षांची होईल. पीयूसी आणि फिटनेसला एक मेलेला सिलिंडर लगेच पकडला जातो, कारण न जळलेलं इंधन थेट नळीत जातं. तेव्हा हे काम तसंही टळणार नाही. गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. किट बसवल्यापासून ती झाली आहे का, तेही प्लेटवरची तारीख बघून ठेवा. यापुढे टॅपेटची फट दर १० हजार किलोमीटरला गेजने तपासून घ्या, आवाज येवो न येवो, आणि एक्झॉस्टचे आकडे वहीत लिहा. ते दर वेळी किती घटतात त्यावरून सीट किती वेगाने बसतेय ते कळेल.

सहा फटी आणि कॉम्प्रेशनचे तीन आकडे मिळाले की मला पाठवा. गाडी मोजताना गार होती की गरम तेवढं मात्र बाजूला लिहा, नाहीतर त्या आकड्यांचा मला काही उपयोग नाही.